पहिला मासा कुणाचा

मी नागपूरची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे थंडीबद्दल मी जे काही बोलणार आहे ते एका नागपूरच्या बाईचं बोलणं आहे. मे महिन्यात कूलरसमोर ओली चादर पांघरून झोपणारी आम्ही माणसं. लग्न झालं आणि नशिबानं नेलं ते ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला. फरक एवढाच की नागपूरचं ऊन कोरडं आणि इथलं घामट. डिसेंबरात जरा गार वारा सुटला की आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी बायका एकमेकींना फोन करून थंडी पडल्याचं कळवतात आणि त्या निमित्तानं डिंकाचे लाडू करतात.

आणि माझी एकुलती एक पोरगी जाऊन बसली आर्क्टिकात.

बरं, अटलांटाजवळच्या अल्फारेट्याला चांगली सॉफ्टवेअरची नोकरी होती. अपार्टमेंट होतं, शेजारी देसी ग्रोसरी होती, विकेंडला मंडळाच्या नाटकात कामंसुद्धा करायची. एक दिवस फोन आला, "आई, आय क्विट." मी म्हटलं, दुसरीकडे लागलीस का? तर म्हणे हो, शाळेत. म्हटलं, असू दे, शिक्षिकाही चांगली. कुठली शाळा? मग तिनं नकाशा पाठवला. अलास्काचं अगदी वरचं डावं टोक, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे, चुकची समुद्राच्या काठावर एक ठिपका. ठिपका मोठा करून बघितला तरी ठिपकाच राहिला. गावाला रस्ता नाही. म्हणजे खराब रस्ता नाही, रस्ताच नाही. उन्हाळ्यात बोट आणि बारा महिने छोटं विमान. तिथं ही बाई गणित शिकवणार.

"काय बाप्पा, डोकं फिरलं का पोट्टीचं?" हे म्हणाले. यांनी आयुष्यभर तेलाच्या पाइपलाइनची गणितं केली, त्यातल्या कितीतरी अलास्काच्या. पण तिकडं कधी पाऊल टाकलं नाही. कागदावर त्यांना सगळं माहीत होतं.

पहिलं वर्ष आम्ही दोघांनी कळ काढली. एक वर्षाची हौस आहे, फिटेल, असं म्हणत काढली. मधेच यांच्या छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा ती आली, आठवडाभर राहिली आणि परत गेली. मग फेब्रुवारीत एक दिवस व्हिडिओ कॉल चालू होता. पुढच्या वर्षीही राहणार की नाही, हे तिला एप्रिल संपेपर्यंत शाळेला सांगायचं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. मी सरळ विचारलं, "खूश आहेस ना तिथं?"

ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि भुवया वर केल्या.

"अगं, विचारतेय मी. खूश आहेस ना?"

पुन्हा तेच. भुवया वर, तोंड बंद. मग कॉल अडकला आणि तिचा चेहरा तसाच थिजून राहिला.

माझी पोरगी म्हणजे लहानपणापासून तोंडाची टकळी. ती गप्प बसते म्हणजे काहीतरी लपवते. मी लॅपटॉप मिटला आणि यांना सांगितलं, "मी जातेय."

"जाऊन काय करशील बाप्पा तू तिथं?"

"पोरीला घेऊन येणार."

यांना डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला मनाई केली होती. नाहीतर ते स्वतःच गेले असते, हे मला त्यांच्या तोंडावरून कळत होतं. त्यांनी माझी बॅग भरायला मदत केली. सावजी मसाला, पोहे, रांगोळी, गुढीला लागणारी साखरेची गाठी. मार्च होता आणि पाडवा जवळ आला होता.

ह्यूस्टन, मग अँकरेज, मग कोट्झेब्यू. तिथून एक छोटं विमान, इतकं छोटं की पायलट स्वतः आमच्या बॅगा भरत होता. त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुमचं वजन किती?" म्हटलं, अरे बाबा, नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पण तिथं वजनावर कोण कुठं बसणार ते ठरतं, त्यामुळे सांगावं लागलं. माझ्या मागे बसलेल्या बाईनं ते ऐकलं आणि ती मनमोकळी हसली. माझी त्या प्रदेशातली पहिली ओळख ती.

मला वाटलं होतं तिथं काळोख असेल. आपल्या डोक्यात आर्क्टिक म्हणजे सहा महिने रात्र. पण मार्चमधे तिथं असा लख्ख उजेड होता की डोळे उघडवेनात. वर निळं आणि खाली पांढरं, बस्स. समुद्र कुठं संपतो आणि जमीन कुठं सुरू होते, काही कळेना. दोन्ही गोठलेले, दोन्हींवर बर्फ. झाड औषधालाही नाही. पायलटनं बोट दाखवलं तेव्हा मला ते गाव दिसलं, कुणीतरी पांढऱ्या ओट्यावर चार रंगीत डबे मांडून ठेवावेत तसं.

पोरगी धावपट्टीवर स्नोमशीन, म्हणजे बर्फावरची मोटारसायकलच, घेऊन उभी होती. तोंड उन्हानं रापलेलं, फक्त गॉगलच्या जागी गोरं. मी मिठी मारली आणि पहिलं वाक्य बोलले, "किती काळी झालीस गं!" तिनं डोळे फिरवले. "हाय टू यू टू, आई."

पहिल्या दोन दिवसांत मी थंडीला इतक्या शिव्या घातल्या की त्या बहुधा अजून तिथंच गोठून पडल्या असतील. बाहेर गेलं की नाकातले केस कडक होतात. पापण्या एकमेकींना चिकटतात. मी घरात बसून पोरीचे दोष शोधायला सुरुवात केली. म्हणजे घराचे. पण मिळेनात. घर उबदार होतं, खांबांवर उभं होतं, दारापर्यंत जायला लाकडी पायऱ्या होत्या. मी विचारलं, हे असं उंचावर कशाला? तर म्हणे, खालची जमीन कायमची गोठलेली आहे. घर थेट जमिनीवर बांधलं तर घराच्या उबेनं ती वितळेल आणि घर एका बाजूला बसेल. म्हणून खालून वारा खेळता ठेवायचा. मला हे पटलं. आपणही गरम पातेलं ओट्यावर थेट ठेवत नाही.

आता पाडव्याचं सांगते.

माझ्या आईनं, तिच्या आईनं आणि मी, शुगर लँडच्या घरातसुद्धा, सणाच्या दिवशी दारात सडा न टाकता कधी दिवस सुरू केला नाही. पोरगी शाळेच्या तयारीत. मी विचार केला, नुसतं पाणी टाकलं तर गोठेल, एवढी अक्कल मला आहे. म्हणून मी पाणी चांगलं कढत केलं. बादलीभर. आणि सगळ्या पायऱ्यांवर छान शिंपडलं. वाफेचे असे ढग उठले की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग मी आत गेले, रांगोळीचा डबा घेतला, आणि देवाचं नाव घेत पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

त्यानंतर मी एकही पायरी पायांनी उतरले नाही.

खाली पोचले तेव्हा रांगोळीचा डबा माझ्या पोटावर होता आणि सगळी रांगोळी बर्फावर. पांढऱ्यावर पांढरी. समोरच्या घराचं दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, फुलाफुलांच्या कापडाचा लांब पार्का, म्हणजे टोपीवाला कोट, घातलेली. तिनं पायऱ्या बघितल्या, बादली बघितली, मला बघितलं.

"पायरीवर पाणी कोणी ओतलं?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"मी. आमच्यात ओततात. लक्ष्मी यावी म्हणून."

तिनं पायऱ्यांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "ती पडेल," म्हणाली.

मी कळवळत होते तरी हसले. पोरीनं आणि तिनं मिळून मला उचललं. गावातल्या छोट्या दवाखान्यातल्या बाईनं कोट्झेब्यूच्या डॉक्टरांशी बोलून सांगितलं की हाड मोडलं नाही, पण घोटा चांगलाच मुरगळलाय, काही आठवडे जपायचं आणि एवढ्यात विमान नाही. पोरीला घरी न्यायला आलेली मी, आणि मीच अडकून पडले. यांना फोनवर सांगितलं तर आधी काळजी केली आणि मग इतके हसले की मला त्यांच्या छातीची काळजी वाटायला लागली.

गुढी उभारली मात्र. काठी कुठून आणायची? झाडच नाही. त्या म्हातारीनं बर्फ फोडायची लांब दांड्याची पहार आणून दिली, तिलाच पोरीनं माझी पैठणी बांधली, वर तांब्या उपडा घातला. वारा असा होता की पैठणी दिवसभर फडफडत होती आणि येणारा-जाणारा थांबून बघत होता.

त्या म्हातारीला सगळं गाव आना म्हणतं. त्यांच्यात आना म्हणजे आजी. मीही आना म्हणायला लागले. पोरगी शाळेत गेली की ती रोज माझ्यापाशी येऊन बसायची. तिथले मूळचे इन्युपिआक लोक बडबडे नाहीत. तासभर शेजारी बसून चार वाक्यं बोलतील, आणि त्यांना त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. मला मात्र शांतता म्हणजे कुणीतरी रागावल्यासारखं वाटतं. मी पायाला पट्टी बांधून, खुर्चीचा आधार घेत स्वयंपाकघरात जायची आणि विचारायची, "आना, चहा घेणार?"

उत्तर नाही. नुसती माझ्याकडे बघायची.

मला वाटायचं, नको असेल. मी फक्त माझाच करायची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला राग आला. अहो, माणूस हो म्हणेल, नाही म्हणेल, तोंडात काय मूग धरलेत? संध्याकाळी मी पोरीपाशी कुरकुर केली. "तुझी ही आना. मी रोज चहा विचारते, ती ढिम्म. नुसत्या भुवया उडवते."

पोरगी हसत सुटली. पोट धरून. "आई! दॅट्स येस! भुवया वर म्हणजे हो. नाक असं चुरगळलं म्हणजे नाही. बिचारी तीन दिवस तुला हो म्हणतेय आणि तू एकटीच चहा पितेयस!"

"शी गं बाई!" मी म्हटलं आणि लाजेनं अर्धमेली झाले. आणि मग हातातली वाटी तशीच राहिली.

"म्हणजे त्या दिवशी," मी म्हटलं, "व्हिडिओ कॉलवर. मी विचारलं होतं, खूश आहेस का."

तिला क्षणभर आठवेना. मग आठवलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "ओह माय गॉड. मी हो म्हटलं होतं, आई. मला कळलंच नाही मी बोलले नाही ते. तू त्यासाठी आलीस?"

मी वाटी खाली ठेवली. काय बोलणार? पोरगी सुखात आहे या भीतीनं मी चार हजार मैल उडत आले होते, असंच ना?

पण मी काही इतक्यात हार मानणारी नाही. मी म्हटलं, खूश आहेस हे ठीक. खूश तर माणसाला ह्यूस्टनलाही राहता येतं. बाबांचं वय होतंय. त्यांचं हे असं. मी एकटी. तिनं सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि तेच मला जड गेलं. मग म्हणाली, "शाळेला मी अजून काही सांगितलं नाहीये. बाबांच्या त्या दिवसापासून मला झोप लागत नाही नीट. मला राहायचंय. बट इफ यू से कम, आय विल कम. तू म्हणशील तसं करेन. खरंच." मराठीतला शेवटचा भाग तिनं अगदी हळू म्हटला.

आता बोला. माझ्या हातात आयतं दिलं तिनं. एक शब्द, ये, आणि काम फत्ते. मी म्हटलं, "बघू, पाय बरा होऊ दे." आणि दोन आठवडे बघतच राहिले.

त्या दोन आठवड्यांत आना रोज चहा प्यायला लागली, साखर चार चमचे. मी कॅरिबूचं मटण सावजी पद्धतीनं केलं. झणझणीत. कॅरिबू म्हणजे तिकडचं रानटी सांबरासारखं जनावर, त्यांचं मुख्य मांस. आना खात होती, नाक गळत होतं, डोळ्यांतून धारा, आणि विचारलं तर भुवया वर. बदल्यात तिनं मला गोठलेला कच्चा मासा सीलच्या तेलात बुडवून दिला. पहिल्या घासाला मी डोळे मिटले. दुसऱ्याला उघडे ठेवले. तिसरा मी मागून घेतला, हे यांना सांगितलेलं नाही.

खिडकीतून समुद्र दिसायचा. म्हणजे बर्फच. आना सांगायची की तिच्या लहानपणी हा बर्फ शरद ऋतूतच धरायचा आणि जाड व्हायचा, आता उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. तो किनाऱ्याला चिकटून असला की हिवाळी वादळांच्या लाटा अडवतो. आता लाटा किनारा खातात. तिच्या आईचं घर जिथं होतं तिथं आज पाणी आहे. हे सगळं ती रडगाणं न लावता सांगायची. "आम्ही पुढं सरकतो," म्हणायची. "आधीही सरकायचो."

तिची स्वतःची मुलगी अँकरेजला हॉस्पिटलमधे होती, नर्स. मी संधी साधली. "मग तिला परत बोलावलं नाही कधी?"

आनानं नाक चुरगळलं.

"आणायलाही नाही गेलात?"

पुन्हा नाक.

"का हो?"

तिनं चहाचा घोट घेतला. "तिथं लोकांना नर्स लागते." मग कप खाली ठेवत, "मी तिला सुका मासा पाठवते. पुष्कळ." आणि बाहेर बघत बसली. तिला मुलीची आठवण येत नव्हती असं नाही. मी आई आहे, मला कळतं. मला तिचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

एप्रिल अर्धा सरला आणि मी काठी टेकत चालायला लागले. शनिवारी पोरगी म्हणाली, चल, मासे धरायला. मला स्नोमशीनच्या मागच्या लाकडी स्लेडवर कॅरिबूच्या कातड्यात गुंडाळून बसवलं. शेजारी आना. पोरगी चालवणार. गोठलेल्या खाडीवरून आम्ही इतके लांब गेलो की गाव दिसेना. संध्याकाळ झाली होती आणि ऊन दुपारसारखं. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. खाली समुद्र आणि वर मी, मधे फक्त बर्फ. पण पोरगी उतरली, मोठ्या गिरमिटानं बर्फात भोक पाडायला लागली, आणि मी बघत राहिले. काय जोर होता पोरीच्या दंडात! अल्फारेट्याला हिच्याकडून लोणच्याची बरणी उघडत नव्हती.

आनानं माझ्या हातात एक आखूड काठी दिली, तिला दोरा, दोऱ्याला गळ. वर-खाली, वर-खाली करायचं. दह्यात रवी घुसळतो ना, तसंच काहीसं, फक्त बसून. पोरीला वर्षभरात मासे मिळायला लागले होते, आनाला तर मिळतच होते. मी घुसळतेय, घुसळतेय, काही नाही. पाय गारठले. मी म्हणणारच होते की पुरे झालं बाई, तेवढ्यात कुणीतरी खालून माझा हात ओढला.

"अगं अगं अगं! धर! धर मला!" मी ओरडले. पोरगी धावत आली, पण दोऱ्याला हात लावेना. "नो, आई, तूच! ओढ, ओढ!" मी दोरा हातावर हात ठेवत ओढत गेले, देवाधर्माची सगळी नावं घेत. आणि त्या भोकातून तो वर आला. शीफिश. माझ्या मांडीएवढा, चांदीच्या ताटासारखा चकचकीत. बर्फावर पडला आणि दोनदा उडाला.

मी उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या, तेही पायामुळे. इतका आनंद मला कधी झाला होता आठवेना. पोरीनं फोटो काढले, आना दात नसलेल्या बाजूनं हसत होती. माझ्या डोक्यात सगळा बेत तयार. डोक्याचा रस्सा. मधल्या तुकड्या रवा लावून तव्यावर. उरलेला मसाला लावून ठेवायचा. यांना फोटो पाठवायचा आणि दोन दिवस जळवत बसायचं.

"आई," पोरगी म्हणाली, "हा तुझा पहिला आहे."

"मग? दिसतंय की."

"पहिला आपण ठेवत नाही. इथं पहिला मासा, पहिलं जनावर, कुणी वडीलधारं असेल त्याला देतात. आनाला द्यायचा."

"बरं, देऊ की. अर्धा देऊ."

"अर्धा नाही. सगळा."

"अगं, डोकं तरी!"

मी आनाकडे वळले. म्हटलं, तीच सांगेल, ही पाहुणी आहे, पाय मुरगळलेली आहे. "आना, डोकं?"

आनानं नाक चुरगळलं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझ्या हातानं ओढलेला! मग पोरीनं तिचं सांगितलं. ती आली त्या पहिल्या शरदात तिला पहिला मासा मिळाला होता, छोटासाच. तिनं तो आनाला नेऊन दिला होता. त्याच दिवसापासून आनानं तिला माझी मुलगी म्हणायला सुरुवात केली, आणि वादळात वीज गेली तेव्हा, ताप आला तेव्हा, आना दारात होती. "मी तुला सांगितलं नव्हतं," पोरगी म्हणाली. "यू वुड हॅव वरीड."

मी त्या माशाकडे बघितलं. एवढ्यात तो वरून गोठून कडक झाला होता. दोन्ही हातांनी उचलला, लंगडत आनापाशी गेले आणि दिला. आनानं थँक यू म्हटलं नाही. आपला घ्यावा तसा घेतला आणि शेजारच्या पोत्यात ठेवला. मग माझी काठी माझ्या हातात परत दिली आणि भोकाकडे बोट दाखवलं.

"आता येतील," म्हणाली.

आणि आलेही. एक मिळाला, माझा, अगदी हक्काचा. रस्सा त्याचाच झाला. पण परतीच्या वाटेवर स्लेडवर आनाला टेकून बसले होते, तेव्हा मी रस्स्याचा विचार करत नव्हते. पोरगी पुढं पाठ ताठ करून गाडी हाकत होती, मधूनमधून मागे वळून आम्ही दोघी पडलो नाही ना ते बघत होती. मला रडू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठत होतं. मी इतके दिवस शब्द जपून ठेवला होता. ये. एवढाच. तो माझ्या तोंडातून आता निघणार नाही, हे मला तिथं, त्या पांढऱ्यावर, कळलं.

घरी आल्यावर पोरगी रस्सा ढवळायला उभी राहिली आणि मी यांना फोन लावला. फोटो आधीच पोचला होता.

"काय मासा धरला बाप्पा!" हे खुशीत होते. "शिजला का?"

"तो नाही. दुसरा शिजतोय. तो दिला."

"दिला? सगळा?"

"सगळा. पहिला सगळा द्यावा लागतो इथं."

"भैताड आहेस तू. डोकं तरी ठेवायचं." मग त्यांचं हसणं गेलं. त्यांना विचारायचं होतं ते मला माहीत होतं, आणि ते किती दिवस विचारत नव्हते तेही. "आणि पोरगी? कधी घेऊन येतेस?"

पोरीची पाठ माझ्याकडे होती. तिचा डाव पातेल्यात थांबला.

"दिली," मी म्हटलं.

मला वाटलं, कॉल अडकला. मग ते म्हणाले, अगदी हळू, "सगळी?"

"सगळी हो." आणि रडू यायच्या आत घाईघाईनं म्हटलं, "जूनची तिकिटं बघा. आधी डॉक्टरांना विचारा, मग आपल्या दोघांची काढा. तेव्हा इथं सूर्य मावळतच नाही म्हणे. आणि वजन सांगायची तयारी ठेवा."

"बघतो," ते म्हणाले. मग, "चालतील का तिथं, माझी ती पाइपलाइनची गणितं? मी येऊन शिकवीन थोडं." आणि त्यांनी फोन ठेवला.

पोरगी वळली. हातात डाव, डावातून रस्सा फरशीवर गळतोय, लक्ष नाही.

"आई, खरंच?"

मी तिच्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या.